ऋतू नक्की कधी सुरू होतो? भिंतीवरचं वर्षचक्र अडलंय, मदत करा

सावलीची_खूण

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे एकाच गोष्टीवर अडकलेय म्हणून धागा काढतेय. मुलांच्या खोलीत भिंतीवर एक मोठं वर्षचक्र रंगवतेय, म्हणजे मोठं वर्तुळ, कडेने ३६५ घरं, एक घर एक दिवस, आणि आतल्या पट्ट्यात ऋतूंचे रंग. घरं आखून झाली, तारखा लिहून झाल्या, महिन्यांची नावंही झाली. रंग कालवून ब्रश हातात घेतला तेव्हा लक्षात आलं की कुठला रंग कुठल्या घरापासून लावायचा हेच मला माहीत नाहीये.

आधी शाळेत पाठ केलेलंच धरलं, २१ मार्च, २१ जून, २३ सप्टेंबर, २२ डिसेंबर. नवरा म्हणाला हवामानवाले महिन्याच्या एक तारखेपासून धरतात, तसं कर. सासूबाई म्हणाल्या वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, त्यात काय विचारायचंय. आणि मुलगी (वय ९) म्हणाली, आई, २१ जूनला दिवस सगळ्यात मोठा असतो ना, मग त्याच्या दुसऱ्या दिवसापासून दिवस लहान व्हायला लागतो, तर उन्हाळा तेव्हा सुरू कसा होईल, तो तेव्हा अर्धा संपलेला असायला पाहिजे. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाहीये.

आमच्या दक्षिणेकडच्या खिडकीतून थंडीत दुपारचं ऊन आत येतं. तिच्या आडव्या गजाची सावली फरशीवर जिथे पडते तिथे मी गेल्या डिसेंबरपासून ऊन असेल त्या दिवशी पेन्सिलीने खूण करतेय, सूर्य बरोबर दक्षिणेला आला की. २० ते २३ डिसेंबरच्या चार खुणा एकीवर एक आल्यात, वेगळ्या काढताच येत नाहीत, त्यात सावलीची कड मुळातच धूसर असते. तेच मार्चमध्ये रोज जवळजवळ सेंटीमीटरभर सरकत होती, जेवायला उठून परत आलं तरी कालची खूण मागे पडलेली दिसायची. सूर्याचं सगळं इतकं स्वच्छ दिसतं, मग ऋतूचं का दिसत नाही? नक्की सुरुवात कुठे मानायची आणि का, हे कारणासकट सांगा. नुसती तारीख नको.

मृगशीर्ष

छान धागा. आणि तुमच्या खुणा पाहता उत्तर तुमच्या फरशीवरच आहे असं मी म्हणेन.

ऋतू होतात कशामुळे? पृथ्वीचा अक्ष साधारण २३.४ अंश कललाय म्हणून. सूर्य जवळ-लांब जाण्यामुळे नाही, हा गैरसमज अजून भरपूर लोकांचा आहे, खरं तर पृथ्वी सूर्याला सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किमी, आणि सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटी किमी. म्हणजे उत्तर गोलार्धातली थंडी सूर्य जवळ असतानाच पडते. तर कारण जर कलणं असेल तर सीमाही त्या कलण्याच्याच हव्यात. संपात म्हणजे सूर्य बरोबर विषुववृत्तावर येतो तो क्षण, आणि अयनदिन म्हणजे तो उत्तरेला किंवा दक्षिणेला सगळ्यात लांब जाऊन वळतो तो. वसंतसंपात, उत्तरेकडचा अयनदिन, शरदसंपात, दक्षिणेकडचा अयनदिन, हे चार क्षण आहेत, दिवस नाहीत, मिनिटापर्यंत काढता येतात. २०२५ चा वसंतसंपात भारतीय वेळेप्रमाणे २० मार्चला दुपारी २:३१ ला होता. यात कुणाच्या मताचा प्रश्न येत नाही, ढग असोत नसोत.

२१ मार्च मात्र पाठ करून ठेवू नका. २०२३ साली हा क्षण लंडनमध्ये २० मार्चच्या रात्री आला आणि भारतात २१ च्या पहाटे, म्हणजे एकच क्षण आणि दोन तारखा.

हवापाणी

मृगशीर्ष, क्षण मिनिटापर्यंत काढता येतो म्हणून तो ऋतूची सुरुवात ठरतो, हे काही पटलं नाही. काहीतरी अचूक मोजता येतं एवढ्यावरून आपल्याला हवी ती गोष्ट मोजली गेली असं होत नाही.

ऋतू माणसाला लागतो कशासाठी? थंडी, ऊन, पाऊस यासाठी. हवामानशास्त्रात उत्तर गोलार्धासाठी मार्च-एप्रिल-मे, जून-जुलै-ऑगस्ट, सप्टेंबर-ऑक्टोबर-नोव्हेंबर, डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारी असे पूर्ण महिन्यांचे गट करतात, आणि ही आजकालची सोय नाही, १७८० साली जर्मनीतल्या मानहाइमला जी हवामान संस्था निघाली तिच्यापासून ही तीन-तीन महिन्यांची पद्धत चालत आलीय. याचा फायदा बघा, ९२, ९२, ९१ आणि ९० दिवस (लीप वर्षी ९१). यंदाच्या हिवाळ्याची तुलना पन्नास वर्षांपूर्वीच्या हिवाळ्याशी करायची तर दोन्हीकडे तेच महिने. संपाताची तारीख दर वर्षी पुढेमागे होते, तिच्यावर सरासरी काढत बसणं म्हणजे निष्कारण डोकेदुखी.

आणि मध्य अक्षांशांवर सगळ्यात गरम तीन महिने जून ते ऑगस्टच असतात, २१ जून ते २२ सप्टेंबर नव्हे. सप्टेंबरचे तीन आठवडे उन्हाळ्यात आणि जूनचे तीन आठवडे वसंतात, हे तिथल्या कुणाला पटेल? तुमच्या अहोंचं म्हणणं बरोबर आहे, एक तारीख धरा.

दक्षिणवारा

रुमाल टाकून ठेवते, सविस्तर रात्री लिहीन. तोवर एकच, मी दक्षिण गोलार्धात राहते. माझ्याकडे डिसेंबरात उन्हाळा असतो. "वसंतसंपात मार्चमध्ये" हे वाक्य माझ्या मुलांना शिकवताना दर वेळी अडखळायला होतं, त्यामुळे निदान मार्चसंपात, जूनचा अयनदिन असं म्हणा अशी विनंती. चक्र रंगवताना कोपऱ्यात "उत्तर गोलार्ध" असं लिहायला विसरू नका.

नोंदवही

मी गेली सहा वर्षं गच्चीत सावलीला टांगलेल्या थर्मामीटरवर रोजचं कमाल-किमान तापमान वहीत उतरवतोय. मशीन नाही, साधं पाऱ्याचं आहे, वाचायला स्टुलावर चढावं लागतं. त्या वहीतून मला जे कळलं ते सांगतो.

सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबर. माझ्या वहीतली सगळ्यात थंड सकाळ त्या दिवशी सहा वर्षांत एकदाही आली नाही. पाच वर्षं ती जानेवारीत आली, एकदा डिसेंबर संपताना.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर याच्यात आहे असं मला वाटतं. पगार आणि खर्च समजा. उन्हातून येणारी उष्णता म्हणजे पगार, जमिनीतून-समुद्रातून आकाशात जाणारी उष्णता म्हणजे खर्च. २१ जूननंतर पगार कमी होऊ लागतो हे खरं, पण जोवर तो खर्चापेक्षा जास्त आहे तोवर शिल्लक वाढतच राहणार ना? तापमान म्हणजे ती शिल्लक. म्हणून मध्य अक्षांशांवर गरमीचा कळस अयनदिनानंतर तीन-चार आठवड्यांनी येतो. समुद्र तर अजून सावकाश तापतो, सॅन फ्रान्सिस्कोला सगळ्यात गरम महिना सप्टेंबर असतो, आणि उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रातला बर्फ सगळ्यात कमी उरतो तोही सप्टेंबरच्या मध्याला, म्हणजे तिथला सहा महिन्यांचा दिवस मावळायच्या सुमाराला.

तेव्हा उजेडाचा उन्हाळा आणि उष्णतेचा उन्हाळा हे दोन वेगळे आहेत. मुलगी उजेडाच्या उन्हाळ्याबद्दल बोलतेय आणि ती शंभर टक्के बरोबर आहे. वर्षातला सगळ्यात उजेडाचा पाव भाग काढला तर तो ६ मे ते ६ ऑगस्टच्या आसपास येतो आणि २१ जून त्याच्या बरोब्बर मध्यावर.

सावलीची_खूण

नोंदवही, पगार-खर्च तिला लगेच समजलं, धन्यवाद. पण मग तिने पुढचा प्रश्न विचारला, की उजेडाचा उन्हाळा मे महिन्यात सुरू होतो असं जगात कुणीच मानत नाही का?

पानगळ

मानतात की! आणि खूप जुन्या काळापासून मानतात. चीनच्या परंपरेत वर्षाचे २४ भाग आहेत, सूर्य आकाशातल्या आपल्या वर्षभराच्या वाटेवर १५ अंश पुढे गेला की एक भाग. त्यात वसंताची सुरुवात ४ फेब्रुवारीच्या आसपास, उन्हाळ्याची ५-६ मे, आणि संपात-अयनदिन हे त्या-त्या ऋतूच्या मध्यावर. ही चोवीस भागांची पद्धत २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेली. आयर्लंडमध्येही जुन्या रूढीने वसंत १ फेब्रुवारीला, आणि त्यांच्या भाषेत सप्टेंबरच्या नावाचा अर्थच "शरदाचा मध्य" आणि ऑक्टोबरच्या नावाचा "शरदाचा शेवट" असा आहे. महिन्याच्या नावातच हिशोब मुरलाय. इंग्लंडमध्येही जून २४ ला उन्हाळ्याचा मध्य म्हणायची जुनी पद्धत आहे, आणि त्याच लोकांच्या कॅलेंडरवर २१ जूनला "उन्हाळा सुरू" असंही छापलेलं असतं. दोन्ही एकाच आठवड्यात.

पण माझं स्वतःचं मत याहून वेगळं आहे. सूर्य काय किंवा तारीख काय, दोन्ही बाजूला ठेवा आणि झाडाकडे बघा. जर्मनीची हवामान संस्था वनस्पतींवरून वर्षाचे दहा ऋतू करते, हेझेलला फुलोरा आला की वसंताची पहिली पायरी, फोर्सिथिया फुलला की दुसरी, सफरचंद फुललं की भरवसंत. जपानमध्ये ठरवून दिलेल्या झाडावर चेरीची पाच-सहा फुलं उमलली की बहर सुरू झाल्याचं जाहीर करतात, तिथे माणूस खरोखर झाडाखाली उभा राहून फुलं मोजतो. क्योटोच्या चेरीच्या नोंदी बाराशे वर्षांपूर्वीपासूनच्या आहेत, आणि अलीकडे बहर लवकर येऊ लागलाय हे आपल्याला कळलं ते याच नोंदींमुळे. १ मार्च धरून बसला असतात तर हे दिसलं असतं का? १ मार्च कधी लवकर येत नाही.

हवापाणी

पानगळ, शेवटचं वाक्य बिनतोड आहे, मान्य. पण उलट बाजूही बघा ना, सीमा स्वतःच हलली तर हलली किती हे मोजायला न हलणारी पट्टी लागतेच. बहर लवकर आला हे तुम्ही कशावरून म्हणता? तारखेवरूनच ना.

तिथीमिती

चर्चा वाचतोय. सासूबाईंची बाजू कुणीच घेतली नाही म्हणून लिहितो, आणि त्यांच्याशी थोडं भांडतोही.

चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, हे आपण सगळे घोकलोय. पण हे चांद्र महिने आहेत आणि अधिक महिन्यामुळे ते सूर्याच्या मानाने पुढेमागे होतात. चैत्र शुद्ध प्रतिपदा २०२३ ला २२ मार्चला होती, २०२४ ला ९ एप्रिलला, २०२५ ला ३० मार्चला. दोन लागोपाठच्या वर्षांत अठरा दिवसांचा फरक, सूर्य काही अठरा दिवस उशिरा आला नव्हता. २०२४ चा वैशाख तर जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होता, म्हणजे घोकलेल्या हिशोबाने तेव्हा वसंत! एकीकडे आपणच "वैशाख वणवा" म्हणतो आणि दुसरीकडे वैशाखाला वसंतात बसवतो. भाषेलाच हे पटलेलं नाही.

जुनी व्याख्या बघाल तर ती मुळात सूर्याचीच आहे. वैदिक महिन्यांची नावं मधु-माधव म्हणजे वसंत, शुक्र-शुचि ग्रीष्म, नभ-नभस्य वर्षा, इष-ऊर्ज शरद, सह-सहस्य हेमंत, तप-तपस्य शिशिर. आणि उत्तरायणात शिशिर, वसंत, ग्रीष्म, दक्षिणायनात वर्षा, शरद, हेमंत. म्हणजे शिशिर सुरू होतो उत्तरायणाबरोबर, २१-२२ डिसेंबरला. तिथून सूर्य ६०-६० अंश पुढे नेत चला, वसंत येतो १९ फेब्रुवारीच्या सुमारास, ग्रीष्म २० एप्रिलला, वर्षा २१ जूनला, शरद २३ ऑगस्टला, हेमंत २३ ऑक्टोबरला. या सहाच्या मांडणीत अयनदिन सीमेवर आहेत आणि संपात मध्यावर. चारच्या मांडणीत वसंतसंपात वसंताच्या दारात उभा असतो, सहाच्या मांडणीत तो माजघरात असतो. बिंदू तोच, घर वेगळं.

मग १४ जानेवारीला उत्तरायण कसं म्हणतात असं कुणीतरी विचारेलच. ती निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या हिशोबाने धरलेली मकर संक्रांत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, एक अंश सरकायला सुमारे ७२ वर्षं, पूर्ण फेरी जवळपास २६ हजार वर्षांची. साठत साठत ताऱ्यांच्या आणि संपाताच्या हिशोबातला फरक आता सुमारे २४ अंश झालाय, म्हणून सूर्य उत्तरेला वळतो डिसेंबरमध्ये आणि आपण म्हणतो जानेवारीत. सावलीची_खूण, तुमच्या फरशीवर १४ जानेवारीची खूण कुठे आहे ते सांगा बरं.

सावलीची_खूण

आत्ता जाऊन पाहून आले. १४ ला ढग होते, १५ ची आहे. डिसेंबरच्या झुबक्यापासून चांगली तीन बोटं मागे, खिडकीच्या बाजूला. म्हणजे वळून बरेच दिवस झालेले होते.

मृगशीर्ष

ही खूण म्हणजे या धाग्यातला सगळ्यात भक्कम पुरावा आहे. आणि तिथीमिती, याच कारणासाठी १९५२ मध्ये शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली होती. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून जी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली तिचा चैत्र वसंतसंपाताच्या लगेच दुसऱ्या दिवसापासून धरलाय. त्या दिनदर्शिकेत वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे आहेत आणि आश्विनापासून फाल्गुनापर्यंत सगळे ३० चे. हे उगीच नाही. जुलैत पृथ्वी सूर्यापासून लांब असते म्हणून सावकाश चालते, जानेवारीत जवळ असते म्हणून भरभर. त्यामुळे चार संपात-अयनांमधली अंतरं सारखी नाहीत, उत्तर गोलार्धाच्या हिशोबाने वसंत सुमारे ९२.८ दिवस, उन्हाळा ९३.६, शरद ९०ला थोडा कमी आणि हिवाळा जेमतेम ८९. तुमच्या चक्रावर चार समान भाग पडणार नाहीत, कंपासने काटकोन काढून रेघा मारू नका, घरं मोजून मारा.

दक्षिणवारा

रात्री लिहीन म्हटलं होतं, लिहितेय.

मी इथे आले तेव्हा पहिला धक्का हा होता की ऑस्ट्रेलियात ऋतू सरळ १ सप्टेंबर, १ डिसेंबर, १ मार्च, १ जून असे बदलतात, संपाताची कुणी वाट बघत नाही. पण त्याहून जास्त विचार करायला लावलं ते नूंगार लोकांच्या ऋतूंनी. नैऋत्य ऑस्ट्रेलियातले हे मूळ रहिवासी, त्यांचे ऋतू सहा: बिराक, बुनुरू, जेरन, माकुरू, जिल्बा, कंबारांग. महिन्यांच्या कोष्टकात बसवतात आजकाल, डिसेंबर-जानेवारी बिराक वगैरे, पण मुळात ते वारा कुठून येतो, कुठलं फूल फुललंय, कुठले प्राणी बाहेर पडलेत यावरून ओळखायचे. आपलेही सहा, त्यांचेही सहा, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. मला हे वाचून फार भरून आलं होतं. चारचा आकडा निसर्गाने दिलेला नाही एवढं तेव्हा डोक्यात पक्कं बसलं. प्राचीन इजिप्तमध्ये तर तीनच होते, पूर, पेरणी-उगवण आणि कापणी, कारण त्यांचं सगळं जगणं नाईलच्या पाण्यावर.

म्हणून मृगशीर्ष, तुमच्या चार क्षणांबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते खरेच आहेत. पण ते "ऋतूची सुरुवात" आहेत हे वाक्य कुठून आलं? आकाशात तर तसं लिहिलेलं नाही.

मृगशीर्ष

प्रश्न रास्त आहे. मला एवढंच म्हणायचंय की जिथे हवा, झाडं, पाणी यांचा आधारच नाही तिथे काय कराल? मंगळाचं उदाहरण घ्या. तिथे अक्ष २५ अंश कललेला, वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचं, आणि शास्त्रज्ञ ऋतू मोजतात ते संपातापासूनच, शून्य अंश म्हणजे मंगळाच्या उत्तर गोलार्धातला वसंत सुरू. कक्षा आपल्यापेक्षा जास्त लांबट असल्याने तिथला उत्तरेचा वसंत १९४ मंगळदिवसांचा आणि शरद फक्त १४२ चा. कुठल्याही ग्रहावर चालेल अशी व्याख्या एवढी एकच आहे.

नोंदवही

पण आपण भिंत रंगवतोय ती पृथ्वीवरची :) मंगळाला चालतं म्हणून इथे पुरेसं आहे असं होत नाही ना.

आणि एक राहिलं, कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधे राहणाऱ्यांसाठी हे चार बिंदू अजूनच अपुरे पडतात. तिथे सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो, दोन शून्य सावली दिवस. १८-१९ अंश उत्तरेला पहिला मेच्या मध्याला आणि दुसरा जुलै संपताना, आणि २१ जूनला सूर्य डोक्यावरून पुढे उत्तरेला गेलेला असतो, भर दुपारी सावली दक्षिणेला पडते. त्यात पावसाचे ढग आले की तापमान जूनमध्येच उतरतं, म्हणजे उष्णतेचा कळस अयनदिनाच्या आधी येऊन गेलेला असतो. माझा पगार-खर्चाचा हिशोब इथे चुकत नाही पण ढग मधेच पगार कापतात असं धरावं लागतं. तिथल्या माणसाला "२१ जूनला उन्हाळा सुरू" हे कुठल्याच अर्थाने खरं नाही.

हवापाणी

सहमत. म्हणूनच भारतीय हवामान विभाग युरोपचे चार ऋतू वापरत नाही. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मान्सूनपूर्व, जून ते सप्टेंबर मान्सून, ऑक्टोबर ते डिसेंबर मान्सूनोत्तर. चारच, पण लांबी २, ३, ४, ३ महिने. आणि त्यातही दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे लोक विसरतात. आकडेवारीचा पावसाळा १ जूनला सुरू होतो, पाऊस पडो न पडो. पण "मान्सून आला" ही घोषणा वेगळी. त्यासाठी १० मेनंतर केरळ आणि आसपासच्या ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर लागोपाठ दोन दिवस २.५ मिमी किंवा जास्त पाऊस लागतो, शिवाय पश्चिमेच्या वाऱ्याची खोली आणि ढगांचं आवरण यांच्या अटी असतात. एकाच संस्थेकडे एकाच ऋतूच्या दोन सुरुवाती आहेत, एक तुलनेसाठी आणि एक प्रत्यक्षातली, आणि दोन्ही लागतात.

मी सुरुवातीला जरा ठासून बोललो एक तारखेबद्दल. हिशोबासाठी ती पद्धत मी सोडणार नाही, पण भिंतीवर लावायला तीच एकमेव बरोबर असं आता म्हणत नाही.

पानगळ

स्वीडनचंही असंच आहे, फक्त तिथे तापमानावर. दिवसाचं सरासरी तापमान सलग पाच दिवस शून्य किंवा खाली राहिलं की पहिल्या दिवसापासून हिवाळा लागला असं मागाहून धरतात. सलग पाच दिवस १० अंश किंवा वर की उन्हाळा. वसंतासाठी सलग सात दिवस शून्याच्या वर, तेही १५ फेब्रुवारीच्या आधी मोजायचं नाही. त्यामुळे ऋतू देशभर उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकत जातो, एका गावात वसंत आणि वरच्या गावात अजून हिवाळा. आणि अगदी दक्षिणेला काही वर्षं हिवाळा येतच नाही, शरदातून थेट वसंत. मला ही पद्धत फार प्रामाणिक वाटते. आला नाही तर आला नाही म्हणायचं.

तिथीमिती

हे सगळं मान्य करूनही मला एक सांगायचंय. प्रत्येकाने आपापला ऋतू स्वतः ओळखायचा म्हटलं तर मग शब्दाचा उपयोग काय? पेरणी, परीक्षा, सुट्ट्या, प्रवास, सगळ्यांना आधीपासून माहीत असलेला दिवस लागतो. "सलग पाच दिवस बघून मागाहून सांगतो" हे नोंदीला ठीक आहे, नियोजनाला नाही. तेव्हा गणिताने काढलेली तारीख हवीच, फक्त ती सहाची असावी असं माझं मत, कारण आपल्या भाषेत शरद, हेमंत आणि शिशिर हे तीन वेगळे शब्द आहेत आणि तीन वेगळे अनुभव आहेत. शरदातलं धुतलेलं आकाश, हेमंतातली कोवळी थंडी आणि शिशिरातली कोरडी पानगळ या सगळ्याला नुसतं हिवाळा म्हणून टाकणं मला जड जातं.

दक्षिणवारा

+१ शेवटच्या वाक्याला.

मृगशीर्ष

एक दुरुस्ती सगळ्यांसाठी, कारण वर कुणीतरी लिहील म्हणून थांबलो होतो. संपाताच्या दिवशी दिवस-रात्र अगदी सारखी नसतात. सूर्य ही चकती आहे, तिची वरची कड दिसली की उगवला म्हणतो, आणि वातावरण प्रकाश वाकवतं त्यामुळे क्षितिजाखालचा सूर्यही वर दिसतो. विषुववृत्तावरसुद्धा दिवस १२ तास ७ मिनिटांच्या आसपास भरतो. खरे समसमान दिवस-रात्र मार्चमध्ये संपाताच्या काही दिवस आधी आणि सप्टेंबरमध्ये काही दिवस नंतर. तसंच सगळ्यात लवकरचा सूर्यास्त सगळ्यात लहान दिवशी नसतो, ४० अंश उत्तरेला तो डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होऊन जातो आणि सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या सुरुवातीला. संध्याकाळ लांबायला लागली म्हणून कुणी दक्षिणायन संपलं समजू नये.

सावलीची_खूण

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस लिहिता आलं नाही कारण भिंतीवर होते.

काय केलं ते सांगते. मृगशीर्ष यांच्या चार खुणा शाईने मारल्या, पक्क्या, घरं मोजून, आणि त्यांना नावं दिली ती "मार्चसंपात", "जूनचा अयनदिन" अशी, दक्षिणवारा म्हणाल्या तशी. "सुरू" हा शब्द कुठेच लिहिला नाही. कोपऱ्यात उत्तर गोलार्ध लिहिलं. आतल्या कड्यावर सासूबाईंना बसवून सहा ऋतूंची नावं त्यांच्या अक्षरात लिहून घेतली, तिथीमितींच्या ६० अंशांच्या हिशोबाने. त्यांना १९ फेब्रुवारीचा वसंत आधी पटेना, मग मी त्यांना फरशीवरची १५ जानेवारीची खूण दाखवली, बराच वेळ वाकून बघत होत्या.

रंगाची घरं मात्र सगळी पांढरी ठेवलीत. मुलीने नोंदवहीकाकांसारखं थर्मामीटर मागितलंय, ती रोज सकाळी बघून एक घर रंगवणार, गार वाटलं तर निळं, गरम तर केशरी, पाऊस तर हिरवं. कालचं आणि आजचं झालं. काल निळं होतं, आजच्या घराला तिने अर्धं निळं अर्धं केशरी केलंय, सकाळी स्वेटर होता आणि दुपारी पंखा लावला म्हणून.

आता एकच अडचण, ३६५ घरं आखलीत, २९ फेब्रुवारीचं काय करू?

मृगशीर्ष

ते घर हवंच, नाहीतर तुमच्या शाईच्या चार खुणा दर चार वर्षांनी एक दिवस सरकतील. वर्ष ३६५.२४२२ दिवसांचं आहे. इजिप्तचं जुनं वर्ष बरोबर ३६५ दिवसांचं होतं, त्यामुळे त्यांच्या "पुराच्या" महिन्यांचा आणि खऱ्या पुराचा मेळ शतकानुशतकं सुटलेला असायचा. आणि नुसत्या पाव दिवसानेही भागत नाही, त्या हिशोबाने चालत राहिल्यामुळे संपात ११ मार्चपर्यंत मागे आला होता, म्हणून १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरावी लागली.

नोंदवही

२८ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या मधल्या रेघेवर बाहेरच्या बाजूने एक छोटं घर जोडा, इतर घरांच्या पाव रुंदीचं. चार वर्षांनी एकदा रंगवायचं. थर्मामीटर उत्तरेच्या भिंतीला, सावलीत, जमिनीपासून पाच फुटांवर लावा आणि मुलीला सांगा वाचताना डोळा पाऱ्याच्या बरोबर पातळीवर हवा, खालून वाचलं की आकडा चुकतो.

सावलीची_खूण

जोडलं घर. स्टूल पण शोधून ठेवलंय.